चार महिन्यांची जगप्रदक्षिणा: आधी व्हिसाच्या तारखा जुळवा, मग केबिन निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातलं निवृत्त जोडपं, वयं ६६ आणि ६३. दोघांना रक्तदाब, एकाला मधुमेह, जेवण शाकाहारी. पावणेदोन वर्षांनी येणाऱ्या जानेवारीत निघून साधारण १२० दिवसांत जहाजानं पृथ्वीप्रदक्षिणा करायची आहे. हाताशी ५५ लाख रुपये आहेत, भारतीय पासपोर्ट आहेत, पण अमेरिका किंवा ब्रिटनचा व्हिसा नाही. सुरुवात कुठून करावी आणि बुकिंग कधी करावं?

बहुतेक जण जहाज आणि केबिन बघून सुरुवात करतात. भारतीय पासपोर्टवर ही सुरुवात महागात पडते, आणि त्याचं कारण दोन तारखांमध्ये आहे.

पहिली तारीख पूर्ण पैसे भरण्याची. बुकिंग करताना भाड्याच्या १० ते २० टक्के अनामत घेतात आणि बाकी रक्कम जहाज सुटण्याआधी ९० ते १५० दिवस भरायची असते. लांबच्या सफरींना ही मुदत १२० किंवा १५० दिवसांकडे झुकते. ती उलटली की रद्द करण्याचा दंड पायरीपायरीनं वाढत जातो आणि शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात हाती काहीच परत येत नाही.

दुसरी तारीख व्हिसाचा अर्ज करता येण्याची. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी मागता येतो. म्हणजे साउदॅम्प्टनहून सुटणारं जहाज धरलं, तर आधी तीसएक लाख रुपये कंपनीकडे जातात आणि त्यानंतर तुमचा अर्ज आत जातो. नकार आला तर पैसे अडकले. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाचा, अर्ज मात्र सहा महिने आधी करता येतो आणि निर्णय साधारण १५ दिवसांत, ताणला तर ४५ दिवसांत येतो. ५ जानेवारीला जहाज असेल आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला, तर ऑगस्टच्या शेवटापर्यंत निकाल हातात असतो, आणि मुदत १२० दिवसांची किंवा त्याहून कमी असेल तर पूर्ण पैसे भरायची वेळ अजून पुढेच असते. अमेरिकेचा बी-१/बी-२, म्हणजे पाहुण्यांसाठीचा, व्हिसा तर एक-दीड वर्ष आधीही काढून ठेवता येतो, कारण तो बहुधा दहा वर्षांचा मिळतो.

म्हणून तुमच्यासाठी माझं स्पष्ट मत: भूमध्य समुद्रातल्या शेंगेन बंदरातून निघणारी सफर घ्या. सावोना, जेनोआ, बार्सिलोना, मार्सेय, चिविताव्हेक्किया ही त्यातली नेहमीची बंदरं. साउदॅम्प्टनच घ्यायचं असेल तर त्याआधीच्या उन्हाळ्यात ब्रिटनची खरीखुरी छोटी सहल करा आणि त्या वेळी सहा महिन्यांऐवजी दोन वर्षांचा व्हिसा मागा.

आता शेंगेनमधली फसगत. पश्चिमेकडे जाणारं जहाज पहिल्या आठवड्यात इटली, फ्रान्स, स्पेन करतं, मदेइरा किंवा कॅनरी बेटांवर थांबतं आणि अटलांटिकमध्ये शिरतं. ते परत येतं मे महिन्यात. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा युरोप सोडताक्षणी संपतो आणि परतीच्या वेळी तुम्ही व्हिसाविना उभे राहता. त्यामुळे अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागायचे आणि सोबतच्या पत्रात तारखा मांडायच्या: जानेवारीत इतके दिवस, मे महिन्यात इतके दिवस, मधला काळ शेंगेनबाहेर. क्रूझ कंपनीचं बुकिंगपत्र, बंदरांची पूर्ण यादी आणि परतीचं विमान तिन्ही जोडा. वाणिज्य दूतावास कोणता निवडायचा? ज्या देशात सर्वांत जास्त दिवस त्याचा. दिवस सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडतं त्याचा. शेंगेनमध्ये राहण्याची ९० दिवसांची मर्यादा तुम्हाला नडत नाही, कारण प्रत्यक्ष मुक्काम पंधरा-वीस दिवसांचाच असतो. तुम्ही मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील, तर एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी लागू झालेल्या नियमानं दोन वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. मग हा गुंता बराच सुटतो.

बाकी देशांचा क्रम असा लावा. सगळ्यात आधी पासपोर्ट. सफर संपल्यावरही किमान सहा महिने तो वैध राहिला पाहिजे; राहत नसेल तर आत्ताच नवा काढा आणि ६० पानांचा मागा. नंतर बदललात तर त्या क्रमांकावर काढलेल्या सगळ्या ऑनलाइन परवानग्या पुन्हा काढाव्या लागतात. मग लगेच अमेरिका, कारण मुंबईत मुलाखतीची तारीख मिळायला महिने लागू शकतात. हवाई, पोर्तो रिको, अमेरिकेची व्हर्जिन बेटं, ग्वाम हेही अमेरिकाच. तिथे जहाजातून उतरणार नसलात तरी व्हिसा लागतो, आणि तो नसेल तर कंपनी पहिल्याच बंदरात जहाजावर चढू देत नाही. हा व्हिसा हाती असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. त्यानंतर जुलैत शेंगेन, मग दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझील मार्गात असतील तर ते. यातल्या काही अर्जांना पासपोर्ट हातचा द्यावा लागतो आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. प्रत्येकाला तीन-चार आठवडे धरून मागून पुढे तारखा मांडा, म्हणजे दोन दूतावासांना एकाच वेळी तो लागणार नाही.

ऑस्ट्रेलियाचा सबक्लास ६०० हा पर्यटक व्हिसा ऑनलाइन होतो, पासपोर्ट द्यावा लागत नाही. तोही बहुप्रवेशाचाच हवा, कारण सिडनीहून जहाज नूमेआला (फ्रान्सच्या न्यू कॅलेडोनियातलं बंदर) जाऊन पुन्हा ब्रिस्बेनला आलं तरी तो दुसरा प्रवेश असतो. न्यूझीलंडचं सोपं आहे: जहाजानं येऊन त्याच जहाजानं जाणाऱ्याला, पासपोर्ट कुठलाही असो, एनझेडईटीए ही ऑनलाइन परवानगी पुरते आणि ती दोन वर्षं चालते. पण ऑकलंडला विमानानं जाऊन तिथून जहाज पकडणाऱ्या भारतीयाला पूर्ण व्हिसा लागतो. ताहिती, बोरा-बोरा, नूमेआ ही नावं यादीत दिसली की थांबा. ती फ्रान्सची असली तरी शेंगेनमध्ये येत नाहीत, शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. फ्रान्सकडे अर्ज करतानाच या प्रदेशांचा उल्लेख करून विचारा.

कंपनीच्या बंदरयादीवर बसून प्रत्येक देशापुढे तीन रकाने आखा: काय लागतं, अर्ज कधी उघडतो, किती प्रवेश. मग ती यादी कंपनीला पाठवून भारतीय पासपोर्टसाठी लेखी खातरजमा मागा. काही देश जहाजानं येऊन त्याच दिवशी जाणाऱ्यांना सूट देतात, पण ती सूट कंपनीनं लिहून दिल्याशिवाय धरायची नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली मुलं अर्ध्या वाटेत येऊन मिळणार असतील आणि मार्गात मुंबई, मार्मागोवा किंवा कोची असेल, तर त्यांचं ओसीआय कार्ड किंवा ई-व्हिसा विसरू नका. तिथे तेच परदेशी ठरतात.

मार्गाबद्दल एक गोष्ट आधीच मनाशी धरा. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून अनेक जगप्रदक्षिणा सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. त्यात इजिप्त, जॉर्डन आणि बऱ्याचदा भारतही गळतो, आणि केपटाउन, नामिबिया, पश्चिम आफ्रिका येतात. बुकिंगनंतरही मार्ग बदलू शकतो आणि करारात कंपनीला तो हक्क असतो. बंदर रद्द झालं तर बहुधा बंदरशुल्क तेवढं परत मिळतं. म्हणून ‘अमुक बंदर दिसलंच पाहिजे’ यासाठी ही सफर घेऊ नका. ईस्टर बेटासारख्या ठिकाणी धक्काच नाही, छोट्या बोटीनं किनाऱ्यावर नेतात, आणि समुद्र उसळलेला असला की जहाज लांबूनच पुढे जातं.

दिशा पश्चिमेची घ्या. पश्चिमेकडे जाताना दर काही दिवसांनी घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे झोपेला एक तास जास्त मिळतो. पूर्वेकडे जाताना तोच तास कापला जातो, आणि पॅसिफिकमध्ये असे छोटे दिवस लागोपाठ आले की साठीच्या पुढच्या शरीराला ते जाणवतं. इन्सुलिनच्या वेळा सांभाळणाऱ्यालाही लांबलेला दिवस सोपा जातो. तरी डोस कसा सरकवायचा हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. आंतरराष्ट्रीय वाररेषा पश्चिमेकडे ओलांडताना एक तारीख पूर्ण गायब होते. लग्नाचा वाढदिवस नेमका त्या दिवशी येत नाही ना, ते बघून ठेवा.

आता केबिन. १२० रात्री तिथे झोपायचं आहे, त्यामुळे शंभर-दोनशे डॉलर वाचवायला ‘गॅरंटी’ प्रकार, म्हणजे कंपनी देईल ती केबिन, मुळीच घेऊ नका. जहाजाचा डेकनुसार नकाशा उघडा. लांबीतला मधला एक तृतीयांश भाग आणि खालून दुसरा-तिसरा प्रवासी डेक शोधा. तिथे हेलकावे सर्वांत कमी लागतात, कारण जहाज तराजूसारखं मध्यावर टेकून पुढे-मागे झुलतं. मग त्या केबिनच्या बरोब्बर वरचा आणि खालचा डेक बघा. वर पोहण्याचा तलाव किंवा भोजनगृह असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज थेट उशाशी येतो. खाली नाट्यगृह असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेली केबिन सर्वांत शांत. नकाशात दोन केबिनांमध्ये बाण किंवा त्रिकोण दिसला तर मधे दार आहे, शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू येईल. अगदी नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, नको, तिथे पहाटे नांगराची साखळी घरंगळते. ‘अर्धवट दृश्य’ म्हणजे खिडकीसमोर जीवरक्षक नौका. उजेड मिळतो, समुद्र दिसत नाही, आणि आतल्या केबिनपेक्षा फार महाग नसेल तर ती चांगली निवड आहे. चार महिने सूर्यप्रकाशाविना खोलीत उठणं बऱ्याच जणांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जड जातं. शक्य असेल तर खिडकी घ्याच.

हिशोब मांडू. डॉलर ९० रुपये धरला आणि खिडकीच्या केबिनचं भाडं माणशी १८,००० डॉलर धरलं, तर दोघांचे ३६,००० डॉलर, म्हणजे ३२ लाख ४० हजार. त्यात टिप धरलेली आहे का, हे पहिलं विचारा. माणशी रोज १६ डॉलरनं दोघांचे १२० दिवसांचे ३,८४० डॉलर होतात, साडेतीन लाखांच्या आसपास. बंदरांवरच्या सहली हा दुसरा मोठा खड्डा. ४० बंदरांत दोघांनी सरासरी ६० डॉलर माणशी खर्च केले तर ४,८०० डॉलर. कंपनीच्या सहली महाग असतात, पण उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःहून गेलात आणि उशीर झाला तर ते निघून जातं. ज्या बंदरापासून शहर दोन तास लांब आहे तिथे कंपनीची सहल, जिथे धक्क्यावरूनच गाव सुरू होतं तिथे पायी, हा साधा नियम चांगला चालतो. इंटरनेट, कपडे धुणं, विमान, व्हिसे, विमा आणि सुटण्याआधीच्या दोन रात्री धरून तुमच्या ५५ लाखांत हे बसतं, पण बाल्कनीची केबिन बसवायला जाऊ नका. हाताशी पाच लाख मोकळे राहिलेच पाहिजेत.

भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे एजंट पैशांसोबत आधीच गोळा करतो तो आयकर, लागतो. १ एप्रिल २०२६ पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर रक्कम कितीही असली तरी तो २ टक्के आहे. त्याआधी १० लाखांच्या वर २० टक्के कापत, त्यामुळे जुने आकडे ऐकून घाबरू नका. हा कर विवरणपत्र भरताना वळता होतो. पैसे ज्याच्या पॅनवर जातील त्याच्याच नावे तो जमा होतो, म्हणून दोघांचे भाग आपापल्या खात्यातून भरा. परदेशी पैसे पाठवण्याची माणशी वार्षिक मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, ती तुम्हाला आड येत नाही.

बुकिंग आत्ता करावं का? हो, पण परत मिळणारी अनामत असलेलंच. जगप्रदक्षिणा दीड-दोन वर्षं आधी जाहीर होतात, आणि मधल्या डेकवरच्या मोजक्या चांगल्या केबिना जुने प्रवासी पहिल्या काही आठवड्यांत उचलतात. एजंटला चार गोष्टी लेखी विचारा: अनामत कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण परत मिळते, भाडं उतरलं तर फरक मिळतो का, चलन कोणतं, आणि व्हिसा नाकारला तर काय. शेवटच्याचं उत्तर बहुधा ‘दंडाच्या पायऱ्या लागू’ असंच येतं. तरी ते लेखी असावं. नवी कंपनी, स्वस्त भाडं आणि अनेक वर्षांची सफर असा मेळ दिसला तर जहाज प्रत्यक्षात त्यांच्या ताब्यात आहे का ते बघा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तीन वर्षांची एक गाजलेली सफर सुटण्याच्या तोंडावर रद्द झाली, कारण ठरलेलं जहाज विकतच घेता आलं नव्हतं. लोक घरं भाड्यानं देऊन निघाले होते. २०२४ मध्ये दुसरं एक जहाज दुरुस्तीसाठी बेलफास्टमध्ये चारएक महिने अडकलं. जहाजाचा आयएमओ क्रमांक, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, मागा आणि जहाजांची जागा दाखवणाऱ्या संकेतस्थळावर ते सध्या कुठे आहे ते स्वतः शोधा.

पूर्ण १२० दिवस जमत नसतील तर तुकडा घेता येतो, पण तो कंपनीनं विकायला काढलेल्या बंदरांमध्येच. अमेरिकेच्या एका बंदरात चढून दुसऱ्या बंदरात उतरायचं ठरवू नका. १८८६ च्या त्यांच्या कायद्यानं परदेशी झेंड्याच्या जहाजाला तशी वाहतूक सहसा करता येत नाही, आणि लॉस एंजलिसला चढून होनोलुलूला उतरणं नेमकं त्यात अडकतं.

विम्यात सर्वांत जास्त चुका होतात. वार्षिक बहुप्रवास पॉलिसी स्वस्त दिसते, पण तिच्यात एका सफरीला ३०, ४५ किंवा ६० दिवसांची मर्यादा असते. १२० दिवसांसाठी एकाच सफरीची पॉलिसी हवी. त्या १८० दिवसांपर्यंत मिळतात. पुण्याहून निघण्याच्या दिवसापासून परत पोचण्याच्या दिवसापर्यंत तारखा घ्या आणि मागे दहा दिवस जादा ठेवा. जुन्या आजारांचं कलम वाचा: बऱ्याच पॉलिसी रक्तदाब-मधुमेहातून उद्भवलेला त्रास फक्त जीवावर बेतला तरच भरतात. आजार लपवू नका, दावा तिथेच फेटाळला जातो. समुद्रातून हेलिकॉप्टरनं किंवा विमानानं हलवण्याचा खर्च धरलेला आहे का आणि किती, हा आकडा शोधा. अडीच लाख डॉलरच्या खाली समाधान मानू नका. आणि सफर रद्द झाल्याची भरपाई आपल्याकडच्या पॉलिसींत तुमच्या भाड्याच्या मानानं फार थोडी असते, तेव्हा ३२ लाखांचं संरक्षण विम्यात आहे असं समजू नका. जहाजावरचा डॉक्टर प्राथमिक उपचार करून रुग्णाला स्थिर करतो. त्याचं बिल आधी तुमच्या खात्यावर पडतं, दावा नंतर.

औषधं १२० दिवसांची नव्हे, १४१ दिवसांची घ्या: सफर अधिक तीन आठवडे. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल तर २८२ गोळ्या. मूळ पट्ट्यांमध्येच ठेवा, डब्यात काढू नका, आणि निम्मा साठा एकाच्या, निम्मा दुसऱ्याच्या हातबॅगेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रासायनिक नाव इंग्रजीत हवं, कारण आपल्याकडचं ब्रँडचं नाव परदेशात कोणाला कळत नाही. कोडीन, ट्रॅमाडॉल, झोपेच्या गोळ्या यांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत. आपली सर्दीची गोळीही जपानच्या नियमात अडकू शकते. बिनलेबलची आयुर्वेदिक चूर्णं नेऊच नका. इन्सुलिन असेल तर केबिनमधल्या छोट्या फ्रिजच्या भरवशावर राहू नका, तो बऱ्याचदा फक्त गारवा देतो. औषधांसाठीचा फ्रिज बुकिंगच्या वेळीच मागा. पिवळ्या तापाची लस मार्गात दक्षिण अमेरिका किंवा आफ्रिका असेल तर लागू शकते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. मात्र साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेणं जोखमीचं असू शकतं, आधी डॉक्टरांशी बोला. मुंबईत बंदर आणि विमानतळ आरोग्य कार्यालयांच्या केंद्रांवर ती मिळते.

जेवणाची नोंद बुकिंगमध्ये करा आणि चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटा. ‘शाकाहारी, अंडंही नको’ एवढं स्पष्ट सांगा. तिकडे शाकाहारात अंडं आणि कधीकधी मासेही धरतात. घरी केलेले लाडू-चिवडा बहुतेक कंपन्या जहाजावर घेऊ देत नाहीत. दुकानातलं सीलबंद मेतकूट, लोणचं, चटणी चालते. ती पाकिटं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उतरताना केबिनमध्येच ठेवा, पिशवीत चुकून राहिली तरी दंड होऊ शकतो. पाणी तापवायची कॉइल, किटली, इस्त्री, इंडक्शन सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

घरच्या व्यवस्थेत एकच गोष्ट खरी अडवते, ती म्हणजे बँकेचा ओटीपी. खोल समुद्रात तुमच्या सिमला नेटवर्क नसतं आणि जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क भयंकर महाग पडतं, म्हणून फोन विमान मोडवर ठेवून जहाजाचं वायफाय वापरा. होनोलुलूच्या आधी चार-पाच दिवस सलग पाणीच असतं. त्या दिवसांत ओटीपी लागेल असं काही ठेवू नका. वीज, सोसायटी, विमा हप्ते आपोआप कापले जातील अशी सोय करा, हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्या, आणि एप्रिलमध्ये ठेवींवर टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म एखाद्या बंदरात असताना ऑनलाइन भरा.

बंदरावर जहाज सुटण्याच्या किमान दोन दिवस आधी पोचा. जानेवारीत युरोपात धुकं-बर्फामुळे विमानं रद्द होतात आणि जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. चढताना बऱ्याच जहाजांवर पासपोर्ट काढून घेतात, कारण पुढच्या बंदरांतली इमिग्रेशनची कामं कंपनी एकगठ्ठा करते. पावती घ्या आणि पासपोर्टच्या व सगळ्या व्हिसांच्या रंगीत प्रतींचे दोन संच ठेवा, एक केबिनच्या तिजोरीत आणि एक खाली उतरताना खिशात. जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल तर तोही नव्यासोबत द्या.